बँकॉक-ओसाका लो-कॉस्ट विमान आणि थायलंड-जपानच्या खर्चाचा खरा हिशोब

थायलंड स्वस्त आणि जपान महाग, हे आपल्याकडे सगळ्यांचं पाठ आहे. जपान म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न "किती लाख लागले?" आणि थायलंड म्हटलं की "जाऊन ये गं, गोव्याच्या खर्चात होतं." मी, नवरा आणि आई असे तिघं मुंबईहून बँकॉक, तिथून चिआंग माई, परत बँकॉक, मग लो-कॉस्ट विमानाने ओसाका, क्योटो, टोकियो आणि टोकियोहून पुन्हा बँकॉकमार्गे घरी असे फिरून आलो. दोन्ही देश एकाच ट्रिपमध्ये, त्यामुळे एक दिवस बाथ मोजतोय आणि लगेच दुसऱ्या दिवशी येन, अशी तुलना आपोआपच होत गेली, आणि माझं ठाम मत झालंय की हे पाठ झालेलं वाक्य आता बदलायला हवं. जपान महाग आहेच, पण ते ताटात महाग नाही, ते रेल्वेच्या रुळांवर आणि हॉटेलच्या खोलीत महाग आहे. ह्या दोन गोष्टी सांभाळल्या तर मधला फरक आपण समजतो तेवढा उरतच नाही.

आधी पैशांचं बोलू कारण सगळं तिथूनच सुरू होतं. २०१२ च्या सुमारास एक बाथ म्हणजे आपले साधारण पावणेदोन रुपये होते, आणि १०० येनला ६५-७० रुपये पडायचे. आम्ही गेलो तेव्हा बाथ अडीच रुपयांच्या वर होता आणि १०० येन साठ रुपयांच्या आत. म्हणजे मधल्या काळात आपल्यासाठी थायलंड जवळपास दीडपट महाग झालं आणि जपान उलट थोडं उतरलं. २०२४ च्या जून-जुलैत तर येन डॉलरमागे १६० च्या पलीकडे घसरला होता, १९८६ नंतर एवढा स्वस्त तो कधीच नव्हता. ज्यांनी दहा-बारा वर्षांपूर्वी जपान बघितलं ते अजून जुन्या आकड्यावर बोलतात आणि थायलंडवालेसुद्धा जुन्याच आकड्यावर, म्हणून घरोघरी हिशोब चुकतो. खाली मी सोपं जावं म्हणून एक बाथ म्हणजे २.६ रुपये आणि १०० येन म्हणजे ५८ रुपये असं धरलंय, तुम्ही निघाल तेव्हाचा भाव बघून वरखाली करून घ्या.

आता विमान. मुंबईहून बँकॉक साडेचार तासांच्या आसपास आणि तिथून ओसाका साडेपाच तास. बँकॉकवरून जपानला एवढी स्वस्त विमानं का जातात हे समजून घेतलं तर तिकीट कधी काढायचं हेही कळतं. जपानने जुलै २०१३ मध्ये थाई लोकांना छोट्या ट्रिपसाठी व्हिसाची अट काढून टाकली, आणि थाई मध्यमवर्ग अक्षरशः जपानच्या प्रेमात पडला. २०१२ ला वर्षाला अडीच लाखांच्या आसपास थाई लोक जपानला जायचे, ते २०१९ ला तेरा लाखांच्या वर गेले. त्या गर्दीसाठी ही सगळी विमानं उभी राहिली, थाई एअरएशिया एक्स, थाई लायन, जपान एअरलाइन्सची झिपएअर, एएनए गटाची पीच, आणि एवढी स्पर्धा असल्यामुळे आपल्यासारख्या तिसऱ्याच देशातल्या माणसाला त्याचा आयता फायदा मिळतो.

पण तिकिटाचा जो आकडा पहिल्या स्क्रीनवर दिसतो तो खरा नाही हे नीट समजून घ्या. आम्हाला एका बाजूचं तिकीट साडेसहा हजार बाथच्या आसपास दिसलं. त्यात २० किलो चेक-इन बॅग टाकली, तिघं शेजारी बसावं म्हणून सीट निवडली, आईसाठी शाकाहारी जेवण आधी बुक केलं, कार्डाची फी लागली, की माणशी साडेआठ हजारांच्या घरात गेलं. तरीही जेवण-बॅग धरून चालणाऱ्या मोठ्या कंपन्यांपेक्षा ते कमीच होतं, पण फरक अर्ध्याचा नव्हता, तीस टक्क्यांच्या आतबाहेरचा होता. केबिन बॅग ७ किलो म्हणजे सातच, आणि खांद्यावरची पर्स, ड्युटी-फ्रीची पिशवी सगळं त्यातच धरतात. डॉन मुआंगला, म्हणजे बँकॉकच्या दुसऱ्या विमानतळावर, गेटच्या अलीकडे चक्क वजनकाटा ठेवलेला होता आणि दोन मुली एकेकाला बाजूला घेऊन बॅग काट्यावर ठेवायला सांगत होत्या. आमच्या पुढच्या कुटुंबाने तिथंच जमिनीवर बॅग उघडून तीन-तीन जॅकेट अंगावर चढवली, एप्रिलच्या बँकॉकच्या उकाड्यात. गेटवर बॅगेचे पैसे भरायचे म्हणजे ऑनलाइनच्या जवळजवळ दुप्पट, त्यामुळे घरूनच एखादी बॅग विकत घेऊन ठेवा.

आमची खरी तक्रार जेवणाबद्दल आहे. आईचं शाकाहारी जेवण पैसे भरून बुक केलेलं, बोर्डिंग पासवर छापलेलं, आणि विमानात मुलगी येऊन सांगते की ते लोडच झालं नाही, चिकन राइस चालेल का. रात्रीचं विमान, आई सत्तरीच्या पुढची. बरोबर दशम्या आणि लोणचं होतं म्हणून निभावलं. नंतर ईमेल केला तर पैसे परत नाहीत, पुढच्या प्रवासाचं व्हाउचर देतो म्हणाले. हे बरोबर नाही. लो-कॉस्ट म्हणजे सोयी कमी हे मान्य, पण जी सोय वेगळे पैसे घेऊन विकली ती द्यायलाच हवी. बाकी विमान वेळेवर सुटलं, वेळेवर उतरलं, सीट आपल्या देशातल्या लो-कॉस्टसारखीच, गुडघे टेकतील एवढी जागा. येताना मात्र लक्षात ठेवा की टोकियोहून बँकॉक साडेसहा-सात तास लागतात, वरचे जोराचे पश्चिमी वारे समोरून येतात म्हणून, आणि तेवढा वेळ त्या सीटवर पन्नाशीच्या पुढच्या माणसाची पाठ बोलायला लागते. विमानाला माझ्याकडून पाचपैकी साडेतीन.

तारखांबद्दल अगदी कळकळीने सांगते. भाडं आपल्या सुट्ट्यांवर ठरत नाही, थाई सुट्ट्यांवर ठरतं. १३ ते १५ एप्रिल सोंगक्रान, त्यांचं नववर्ष, आणि नेमका तेव्हाच जपानात साकुराचा, म्हणजे चेरीच्या बहराचा, शेवट, त्यामुळे अख्खं बँकॉक जपानला निघालेलं असतं. ऑक्टोबरात त्यांच्या शाळांना सुट्टी, तेव्हा पुन्हा तेच, आणि ख्रिसमस-न्यू इयर तर विचारूच नका. आणि एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा जपान्यांचा स्वतःचा गोल्डन वीक, तेव्हा जपानातली हॉटेलं गगनाला भिडतात. आम्ही एप्रिलमध्ये गेलो कारण नवऱ्याची रजा तेव्हाच होती, पण पुढच्या वेळी मी मेचा दुसरा-तिसरा आठवडा धरणार. गोल्डन वीक संपलेला, पाऊस अजून सुरू व्हायचाय, आणि आपल्या मुलांनाही सुट्टी, म्हणजे मराठी घरासाठी ह्याहून सोयीचे दिवस नाहीत.

व्हिसा थोडक्यात. थायलंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीयांना व्हिसाची अट काढली, पण नियम आणि किती दिवस राहता येतं तो आकडा मध्येमध्ये बदलतात म्हणून निघण्यापूर्वी बघून घ्या. १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड आधी ऑनलाइन भरावं लागतं, ते फुकट आहे, त्याचे पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर बंद करा. जपानचा व्हिसा काढावाच लागतो, आम्ही गेलो तेव्हा भारतीयांना फी अगदी कमी होती, व्हीएफएस ह्या व्हिसा एजन्सीचा सर्व्हिस चार्ज वेगळा, पण कागद भरपूर. रोज कुठं राहणार, कुठं जाणार ह्याचा दिवसवार तक्ता, बँक स्टेटमेंट, इन्कम टॅक्स रिटर्न. तक्ता मनापासून भरा, आमचा त्या तक्त्यामुळेच ट्रिपचा निम्मा प्लॅन तयार झाला. आणि मुंबई-बँकॉक, बँकॉक-ओसाका अशी वेगळी तिकिटं असतील तर बँकॉकला इमिग्रेशनमधून बाहेर येऊन, बॅग घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं. मुंबईचं विमान सुवर्णभूमी ह्या मुख्य विमानतळाला आणि जपानचं डॉन मुआंगहून असेल तर दोन्हींमध्ये फुकट शटल बस आहे, पण बँकॉकचा ट्रॅफिक बघता मध्ये एक मुक्काम ठेवलेलाच बरा.

उतरल्यावरचा पहिला खर्च म्हणजे शहरात पोचणं, आणि फरक सगळ्यात आधी इथं जाणवतो. सुवर्णभूमीहून एअरपोर्ट रेल लिंकने शेवटच्या फया थाई स्टेशनपर्यंत ४५ बाथ, ११७ रुपये. ओसाकाच्या कन्साई विमानतळाहून नानकाई रेल्वेच्या साध्या एअरपोर्ट एक्सप्रेसने शहरातल्या नाम्बापर्यंत ९७० येन, ५६० रुपये. पुढे शहरातही तेच, बीटीएस म्हणजे बँकॉकची उंचावरून जाणारी मेट्रो १७ बाथपासून, म्हणजे ४४ रुपये, ओसाका मेट्रो १९० येनपासून, म्हणजे ११० रुपये. बँकॉकमध्ये तिघं असलो की मीटरची टॅक्सी परवडते, ३५ बाथपासून मीटर सुरू होतं. जपानात टॅक्सीचा विचार फक्त आईचे पाय दुखले तेव्हा केला. इकोका हे पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड २००० येनला घेतलं, त्यात ५०० डिपॉझिट, ते ओसाका, क्योटो, टोकियो सगळीकडे चाललं, आणि सेव्हन-इलेव्हन ह्या खाऊ-किराणाच्या छोट्या दुकानांच्या चेनमध्येसुद्धा.

सेव्हन-इलेव्हनवरून आठवलं, दोन देशांची तुलना करायला त्याच्यासारखी दुसरी जागा नाही. जगात सगळ्यात जास्त सेव्हन-इलेव्हन जपानात, २१ हजारांवर, आणि त्याखालोखाल थायलंडमध्ये. मुंबईतही २०२१ पासून आलंय पण त्या दोघांची सवय वेगळी, तिथं लोक जेवायलाच जातात. तर थायलंडमध्ये चीज टोस्टी ३५ बाथच्या आसपास, ९० रुपये, काउंटरवरची मुलगी प्रेसमध्ये ठेवून कागदाच्या पाकिटात गरम गरम हातात देते, आईने ती खाल्ली आणि रोज सकाळी तीच मागायला लागली. जपानात ओनिगिरी, म्हणजे आत सारण भरलेला भाताचा गोळा, १५०-२०० येन, म्हणजे शंभर रुपये, आणि अंड्याचं सँडविच तीनशे येनच्या आत. म्हणजे तिथं फरक फारसा नाही. कॉफी तर जपानात स्वस्त पडली! मशीनमधली ताजी दळलेली कॉफी १२०-१४० येन, सत्तर-ऐंशी रुपये, आणि चवीला उत्तम. बँकॉकच्या थोंगलोर ह्या महागड्या भागातल्या कॅफेत लाते ११०-१२० बाथ, तीनशे रुपये.

जेवणाचं असंच. बँकॉकला रस्त्यावर पाद थाई म्हणजे परतलेल्या नूडल्स किंवा पाद क्रापाव म्हणजे तुळस घालून परतलेला पदार्थ आणि भात ६०-८० बाथ, दीडशे ते दोनशे रुपये. टर्मिनल २१ मॉलच्या पिअर २१ फूड कोर्टला तर ह्याहून कमी, आधी कार्डात पैसे भरायचे, उरलेले जाताना परत. जपानात ग्यूदोन म्हणजे बीफचा भात आम्ही खात नाही, पण भाव सांगायचा तर ५०० येनच्या आसपास, साधा उदोन म्हणजे जाड नूडल्स ४०० येनपासून, रामेन म्हणजे रश्श्यातल्या नूडल्स ९०० ते १०००. साईझेरिया नावाची इटालियन चेन आहे, तिथं मार्गेरिटा पिझ्झा ४०० येन, २३२ रुपये, एवढ्यात ठाण्यात तरी चांगला पिझ्झा मिळत नाही. आणि गंमत अशी की बँकॉकच्या मॉलमध्ये जपानी रामेन २५० बाथ, म्हणजे ६५० रुपये, आणि ओसाकात खुद्द जपानी माणसाच्या हातचं ५५०. मॉलमध्ये, एसीत, ब्रँडच्या दुकानात बसायला लागलात की बँकॉक अजिबात स्वस्त राहत नाही. बँकॉकची स्वस्ताई फुटपाथवर आहे, आणि ती खरोखर सुंदर आहे.

शाकाहारी मंडळींसाठी मात्र थायलंड आणि जपान ह्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो पैशांतही उतरतो. थायलंडमध्ये पिवळ्या कागदावर किंवा झेंड्यावर लाल अक्षरात "जे" लिहिलेलं दुकान दिसलं की डोळे मिटून आत जा. ते बौद्ध पथ्याचं जेवण, मांस-मासे-अंडी नाही, फिश सॉस नाही, आणि कांदा-लसूणसुद्धा नाही. आमच्या आईचं चातुर्मासात कांदा-लसूण बंद असतं, तिला हे बघून इतका आनंद झाला, म्हणाली आपल्यासारखीच माणसं आहेत की गं. चिआंग माईच्या बाजाराजवळ अशा एका टपरीवर तीन ट्रे पुढे मांडलेले, आपण बोट दाखवायचं, ती बाई लाल तांदळाच्या भातावर दोन भाज्या आणि टोफूचा रस्सा घालून देते, ५० बाथ. साध्या दुकानात मात्र नाम प्ला, म्हणजे माशाचा सॉस, भाजीतही पडतो, त्यामुळे आधी सांगावं लागतं.

जपानात दाशी, म्हणजे स्वयंपाकात वापरतात तो स्टॉक, सगळीकडे. उदोनच्या पाण्यात, मिसो सूपमध्ये, टोफूवरच्या सॉसमध्ये, भाजीच्या सालनातसुद्धा, आणि दाशीत बहुतेक वेळा वाळवलेला बोनितो मासा असतो. वरून दिसत नाही म्हणून पाकिटामागचं गूगल लेन्सने वाचत बसायचं. आमच्या आईचं जेवण असं जमलं: कोन्बिनीतली, म्हणजे सेव्हन-इलेव्हनसारख्या दुकानातली, उमेबोशी हे खारवलेलं आंबट फळ घातलेली ओनिगिरी, केळी, दही, भाजलेलं रताळं, कोको इचिबान्या ह्या करी-भाताच्या चेनच्या ज्या शाखांमध्ये व्हेज करी मिळते तिथली करी, आणि एक दिवसाआड भारतीय हॉटेल, दुपारचा नान-करी सेट हजार येनच्या आसपास. क्योटोत नान्झेनजी देवळाजवळ युदोफू खाल्लं, मातीच्या भांड्यात कोम्बू ह्या समुद्री शेवाळाच्या पाण्यात उकळणारा टोफू, चमच्याने उचलला तरी थरथरणारा, माणशी तीन हजार येनच्या वर गेले, १८०० रुपये, पण त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही, आधी विचारून दाशीत मासा नाही ह्याची खात्री करून घेतली होती. टोकियोत निशी-कासाईला गेलात तर तिथं भारतीय दुकानं, हॉटेलं भरपूर, आपली मराठी माणसंही बरीच राहतात त्या भागात, डाळ-तांदूळ सगळं मिळतं.

पाणी विसरायला नको. जपानात नळाचं पाणी बिनधास्त प्या, बाटली भरून घ्या, खर्च शून्य. थायलंडमध्ये बाटली घ्यावी लागते, लहान बाटली ७-१० बाथ, उकाड्यात तिघांना दिवसाला सहा-सात लागतातच.

राहण्यात मात्र जपान भारी पडतं. बँकॉकला बीटीएसपासून चालत पाच मिनिटांवर तिघांची मोठी खोली, एक्स्ट्रा बेडसकट, दोन हजार बाथला मिळाली, ५२०० रुपये, वर छोटा स्विमिंग पूल. ओसाकात तिघांची खोली मिळणंच कठीण, बिझनेस हॉटेलची खोली ११-१२ चौरस मीटरची, बॅग उघडली की चालायला जागा नाही, म्हणून एक डबल आणि आईला एक सिंगल घ्यावी लागली, दोन्ही मिळून १६-१७ हजार येन, साडेनऊ हजार रुपयांच्या वर. आणि तिथं बहुतेक जागी भाडं खोलीचं नसून माणशी असतं, त्यामुळे बुकिंग करताना माणसं बरोबर टाका, एक टाकून दोघं गेलात तर रिसेप्शनवर फरक भरावा लागतो. स्वच्छता मात्र अशी की बाथरूमच्या फटीतसुद्धा डाग नाही. तोयोको इन ह्या हॉटेलांच्या चेनमध्ये सकाळचा नाश्ता भाड्यातच धरलेला असतो, तिथं भात, सॅलड, ब्रेड मिळतो, आईचं पोट भरलं, तिघांच्या नाश्त्याचे दीड-दोन हजार येन वाचले. क्योटोत राहण्यापेक्षा ओसाकात राहून रोज जा-ये करा, जेआर रेल्वेची शिन-कैसोकू ही जलद गाडी अर्ध्या तासात ५८० येनला नेते, हांक्यू लाइन थोडी हळू पण ४१० येन. साकुराच्या दिवसांत क्योटोतल्या खोलीचे भाव बघून मग हे आकडे बघा.

आणि आता रेल्वे, जिथं खरा घाव बसतो. बँकॉक ते चिआंग माई रेल्वेने ७५० किलोमीटर. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास बँकॉकच्या क्रुंग थेप अफिवात स्टेशनवरून नऊ नंबरची गाडी सुटते, जानेवारी २०२३ पासून लांबच्या गाड्या ह्याच नव्या स्टेशनवरून जातात, जुन्या हुआ लाम्फोंगला जाऊ नका. सेकंड क्लास एसी स्लीपर हजार बाथच्या आसपास, खालचा बर्थ थोडा महाग पण रुंद, आईसाठी तोच घ्या. रात्री अटेंडंट येतो, समोरासमोरच्या दोन सीट ओढून एक करतो, वरून गादी काढतो, पांढरी चादर ताणून चारी कोपरे आत खोचतो, उशीला अभ्रा घालतो, पडदा लावतो, एका बर्थला जेमतेम मिनिट-दीड मिनिट, आणि हे सगळं एक शब्द न बोलता. सकाळी सातच्या सुमारास उठलो तर बाहेर डोंगर आणि धुकं. २६०० रुपयांत प्रवासही झाला आणि हॉटेलची एक रात्रही वाचली. एसी फार थंड करतात, शाल हाताशी ठेवा.

क्योटो ते टोकियो अंतर ह्यापेक्षा कमी, नोझोमी शिंकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, सव्वादोन तास, आणि तिकीट १४ हजार येन, आठ हजार रुपयांच्या वर, माणशी. तिघांचे साडेचोवीस हजार. पूर्वी ह्यावर उपाय जेआर पास होता, म्हणजे परदेशी प्रवाशांसाठीचा रेल्वेचा पास, सात दिवसांचा २९,६५० येनला मिळायचा, म्हणजे टोकियो-क्योटो जाऊन-येऊनच जवळजवळ वसूल. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो थेट ५०,००० येन केला. अजूनही ओळखीतले लोक सांगतात पास घेच, कृपा करून आधी हिशोब करा, टोकियो-क्योटो-ओसाका एवढंच करणार असाल तर पासात पैसे जातात. त्यापेक्षा लो-कॉस्ट विमानाचा एक मोठा फायदा घ्या, त्यांची तिकिटं एकेका बाजूची विकतात, परतीचं वेगळं काढलं म्हणून दंड पडत नाही. म्हणून ओसाकात उतरायचं आणि टोकियोच्या नारिताहून निघायचं, म्हणजे शिंकानसेन एकदाच. आमचे ह्या एका गोष्टीत तिघांचे मिळून चोवीस हजार रुपये वाचले, विमानाच्या जेवणाचा राग तिथं निवला. ह्याहून कमी हवं असेल तर सगळ्या स्टेशनांवर थांबणाऱ्या कोदामाचं सवलतीचं तिकीट मिळतं, दोन-अडीच हजार येन वाचतात, वेळ साडेतीन तासांच्या वर, किंवा रात्रीची बस पाच ते नऊ हजार येनची, तरुण असाल तर जरूर. शिंकानसेनमध्ये ई नंबरची खिडकीची सीट मागा, टोकियोकडे जाताना डावीकडे फुजी दिसतो, आईने त्या दिवशी जेवणाचा डबासुद्धा उघडला नाही, नुसती काचेला नाक लावून बसलेली.

बघायच्या जागांमध्ये उलटा प्रकार आहे. बँकॉकचा ग्रँड पॅलेस ५०० बाथ, १३०० रुपये, वाट फो देऊळ ३०० बाथ, वाट अरुण देऊळ २०० बाथ. क्योटोचं किंकाकुजी देऊळ ५०० येन, २९० रुपये, कियोमिझुदेरा तेवढंच, आणि फुशिमी इनारीचे ते हजारो केशरी तोरी, म्हणजे देवळाच्या कमानी, फुकट, रात्रीही उघडे. म्हणजे बँकॉकच्या तीन जागांच्या तिकिटांत क्योटोची नऊ देवळं होतात. थायलंडमध्ये परदेशी माणसाला बऱ्याच ठिकाणी वेगळा भाव असतो, नॅशनल पार्कमध्ये तर कितीतरी पट, आणि ते मला खटकतं, पण आपल्याकडेही ताजमहालला हेच आहे म्हणून फार बोलता येत नाही. जपानातही सुरू होतंय, हिमेजीच्या किल्ल्याला मार्च २०२६ पासून शहराबाहेरच्यांना २५०० येन आणि शहरातल्यांना १०००, पण तिथं तुम्ही कुठल्या देशाचे हे बघत नाहीत, शहरात राहता की नाही हे बघतात, ते पटण्यासारखं आहे.

एटीएमचं एक सांगायलाच हवं. थायलंडमध्ये परदेशी कार्डावर दरवेळी २२० बाथ किंवा त्याहून जास्त कापतात, पावणेसहाशे रुपये, पाचशे बाथ काढा नाहीतर दहा हजार. त्यामुळे काढायचे तर एकदम काढा किंवा डॉलर नेऊन शहरात सुपररिच ह्या पैसे बदलून देणाऱ्या दुकानात बदला. जपानात सेव्हन-इलेव्हनमधल्या एटीएमला ही फी शंभर-दोनशे येनच्या घरात, आणि आता कार्ड बऱ्याच ठिकाणी चालतं, देवळांत आणि जुन्या छोट्या दुकानांत मात्र रोखच लागते.

तर आमचा गोळाबेरीज हिशोब असा. विमानं सोडून, राहणं, खाणं, शहरातलं फिरणं, तिकिटं मिळून थायलंडमध्ये माणशी दिवसाला साडेतीन हजार रुपये आणि जपानात साडेपाच ते सहा हजार, त्यात शिंकानसेनचे आठ हजार एकदाच वेगळे. म्हणजे साधारण दीडपट ते पावणेदोनपट. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी मला चौपट सांगितलं होतं आणि त्या भीतीने आम्ही जपान कितीतरी वर्षं पुढे ढकलत होतो.

खरेदीचं एवढंच, जपानी वस्तू जपानात घ्या. युनिक्लोचे कपडे, स्टेशनरी, मॅचा, सगळं बँकॉकच्या दुकानांपेक्षा स्वस्त पडलं, डॉन डॉन डॉन्की हे जपानी दुकान बँकॉकलाही आहे पण तिथं तीच पाकिटं दीडपटीने. सुकामेवा, सुती कपडे, बाम थायलंडला. आणि जमलं तर जपान आधी आणि थायलंड शेवटी ठेवा, आम्ही उलट केलं कारण विमानांच्या तारखा तशा होत्या. जपानात रोज पंधरा-वीस हजार पावलं चालणं होतं, पाय भरून येतात, तिथं तासभर मसाजला सहा हजार येनच्या पुढे, बँकॉकला तोच पायांचा मसाज २५०-३०० बाथ. परतीच्या वाटेवर बँकॉकला एक रात्र थांबलो तेव्हा आईला सोई रामबुत्री ह्या गल्लीतल्या एका छोट्या दुकानात घेऊन गेलो, ती आधी नको नको म्हणत होती, अनोळखी माणसाने पायाला हात लावायचा म्हणून संकोच, मग त्या मावशींनी हात जोडून नमस्कार केला, कोमट पाण्यात पाय धुतले, आणि आई पाच मिनिटांत खुर्चीतच झोपली. बाहेर आल्यावर विचारायला लागली की उद्याचं विमान किती वाजता आहे, सकाळी अजून एकदा जमेल का.